मदत हवी आहे : दशावताराचं पावणेचार तासांचं शूटिंग फोन, टॅबलेट आणि पेनड्राइव्हवर नीट दिसावं, तर बिटरेट किती ठेवू?

नमस्कार मंडळी,

माझं गाव कुडाळ तालुक्यात. यंदा आमच्या देवळाच्या जत्रेत रात्री दशावतार झाला, तो मी चुलतभावाच्या जुन्या हँडीकॅमवर पहिल्या धूपारतीपासून शेवटपर्यंत घेतला. मंडळात वर्षानुवर्षं राजाची भूमिका करणारे काका पुढच्या हंगामात उभे राहणार नाहीत असं कळलं होतं, म्हणून मुद्दाम रजा काढून पुण्याहून गेले. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं, पण संवाद नट रंगमंचावरच रचतात. त्या रात्री काका जे बोलले ते तसंच पुन्हा कुणी बोलणार नाही. म्हणून हे शूटिंग माझ्यासाठी फार मोलाचं आहे.

आता ते बघणाऱ्यांपर्यंत पोचवायचं आहे. आईचा साधा अँड्रॉइड फोन, त्यात ३२ जीबीचं कार्ड. काकांकडे नातवाचा दहा इंची टॅबलेट. देवळाच्या मागच्या खोलीत एक जुना टीव्ही, त्याला पेनड्राइव्ह लागतो. आणि मुंबईचे आमचे चाकरमानी, जे लोकलमध्ये फोनवर बघतील. त्यांच्या फोनमध्ये जागा कधीच नसते.

मूळ शूटिंग फुल एचडी आहे, १७ एमबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला १७ मेगाबिट), एकूण साधारण २८.७ जीबी. कॅमेऱ्याने त्याचे लहान लहान तुकडे केले होते, ते कॅमेऱ्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरने जोडून घेतले. पुढे व्हिडिओ लहान करायला हँडब्रेक हे सॉफ्टवेअर वापरतेय. आतापर्यंत जे झालं ते असं :

पहिल्यांदा बिटरेट १६ एमबीपीएस ठेवला. फाइल पेनड्राइव्हवर जाईचना. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा आहे, रिकामा आहे, तरी ‘फाइल फार मोठी आहे’ असं येतं.

मग घाबरून एकदम १ एमबीपीएसवर आले. फाइल आवाजासकट साधारण २ जीबीची झाली, सगळीकडे गेली. पण संकासुर (दशावतारातलं असुराचं सोंग) आला आणि माझा जीव खालीवर झाला. त्याचा वेष काळा, मागे पडदा गडद, आणि त्या काळ्यात काळे चौकोन नाचताना दिसतात. युद्धाच्या नाचात तर तोंडं पुसून टाकल्यासारखी होतात. शिवाय कुणी हात जोरात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा येतात. त्या मोठ्या फाइलमध्येही होत्या.

तिसरी गोष्ट आईची. तिला फाइल दिली तर म्हणाली, “गो, चित्र दिसता, पण आवाजच येणा नाय.” माझ्या लॅपटॉपवर त्याच फाइलला आवाज आहे.

१६ आणि १ च्या मधे नेमकं कुठे थांबायचं? आणि ते ठरवायचं कशावरून? नेटवर प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. लॅपटॉप साधा आहे, पण रात्रभर चालू ठेवायची तयारी आहे.

– माडाखाली

---

रात्रपाळी :

ताई, लग्नाच्या शूटिंगचं काम करतो, कोल्हापूरला. तुमच्या अडचणी एकाच बिटरेटच्या नाहीत, चार वेगवेगळ्या आहेत. एकेक सोडवू.

पेनड्राइव्हचं आधी. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही, ड्राइव्ह कितीही मोठा असो. एक्सफॅट करून घेतला तर ही मर्यादा जाते, पण जुने टीव्ही बऱ्याचदा एक्सफॅट वाचत नाहीत. देवळातल्या टीव्हीसाठी फॅट३२ राहू द्या आणि फाइलच ४ जीबीच्या आत बसवा. आईच्या फोनमधलं ३२ जीबीचं कार्डही बहुतेक फॅट३२च असेल, म्हणजे तिथेही हाच नियम.

आता आकडा काढायची रीत. बिटरेट म्हणजे एका सेकंदाला किती बिट खर्च करायचे ते. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १ एमबीपीएसने एक तास म्हणजे ३६०० भागिले ८, बरोबर ४५० एमबी. एवढं एक लक्षात ठेवलं की सगळी गणितं तोंडी होतात. चित्राचा आकार काहीही असो, ७२० असो की १०८०, फाइल किती मोठी होणार ते फक्त बिटरेट आणि वेळ ठरवतात.

तुमचे पावणेचार तास एकाच फाइलमध्ये ४ जीबीत बसवायचे तर आवाजासकट अडीच एमबीपीएसच्या आसपास हद्द येते. आवाज वजा करून आणि थोडी जागा राखून चित्राला २.३ उरतात. रात्रीच्या शूटिंगला हे कमी पडतं. म्हणून माझं म्हणणं, फाइलचे दोन भाग करा. आडदशावतार (सुरुवातीचा गणपती ते संकासुराचा भाग) वेगळा, आख्यान (पुढचं मुख्य नाटक) वेगळं. बघणाराही तिथेच चहाला उठतो.

आडदशावतार किती वेळाचा आहे?

---

माडाखाली :

रात्रपाळी दादा, खूप आभार. ४५० एमबीचं गणित वहीत लिहून ठेवलं. हे मला आजवर कुणीच एवढं सरळ सांगितलं नव्हतं.

आडदशावतार ४५ मिनिटं, आख्यान बरोबर तीन तास. गणपती, रिद्धी-सिद्धी, शारदा, भटजी आणि संकासुर, सगळं ४५ मिनिटांत आहे.

---

रात्रपाळी :

मग झालंच. तीन तासांना १ एमबीपीएसचे होतात १३५० एमबी. अडीच ठेवलात तर ३३७५. त्यात १६० केबीपीएसचा आवाज तीन तासांचा २१६ एमबी. बेरीज ३५९१. मर्यादा आहे साधारण ४२९५ एमबीची. आरामात बसतं. ३ एमबीपीएस ठेवलं तर ४२६६ होतात, अगदी काठावर. तिथे जाऊ नका, एखादी फाइल शेवटच्या क्षणी अडते आणि रात्र वाया जाते.

आडदशावतार छोटा आहे, त्याला ४ एमबीपीएस द्या. संकासुराला लागतीलच.

---

कातळशिल्प :

रात्रपाळींचं गणित अचूक आहे, पण माडाखाली, त्या आडव्या रेषा आधी घालवल्याशिवाय कुठलाही बिटरेट कमीच पडेल. हे जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या वडिलांच्या कीर्तनांच्या बाबतीत मी नेमकी हीच चूक केली होती आणि सहा महिन्यांनी कळलं.

तुमचा हँडीकॅम १०८०-५०आय या पद्धतीने शूट करतोय. ‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड. एक पूर्ण चित्र दोन अर्ध्या चित्रांनी बनतं : एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. दोन्ही अर्धी वेगवेगळ्या क्षणी घेतलेली असतात, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने. नट स्थिर उभा असेल तर काही कळत नाही. हात हलला की दोन अर्ध्यांमधला हात वेगळ्या जागी असतो आणि कडेला कंगवा दिसतो. जुने ट्यूबवाले टीव्ही हे तसंच दाखवायचे, म्हणून तेव्हा चालून जायचं. फोन आणि टॅबलेट पूर्ण चित्र एकदम दाखवतात.

त्या कंगव्याच्या रेषा एन्कोडरला (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला) खरंच बारीक नक्षी वाटतात आणि तो त्यांच्यावर बिट उधळतो. म्हणजे नको असलेल्या गोष्टीवर खर्च, आणि काकांच्या चेहऱ्याला काही उरत नाही.

हँडब्रेकच्या फिल्टर्स या पानावर डीइंटरलेस असतं. तिथे यॅडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ निवडा. आणि चित्र लहान करायचं काम त्याच प्रोग्रॅमला त्याच वेळी करू द्या, म्हणजे रेषा आधी जातात आणि मग आकार बदलतो. दुसऱ्या एखाद्या एडिटरमध्ये आधी ७२० करून आणलंत तर रेषा चित्रात कायमच्या भाजल्या जातात, पुढे कुठलंही फिल्टर त्यांना काढू शकत नाही. माझ्या वडिलांच्या दोन कीर्तनांचं असंच झालं आणि तोवर मूळ टेप मी पुसल्या होत्या. कृपा करून मूळ २८ जीबी कुठेही पुसू नका.

दुसरी गोष्ट, काळ्यातले चौकोन. अंधारात कॅमेरा प्रकाश कमी पडतो म्हणून सिग्नल वाढवतो आणि चित्रात बारीक दाणे येतात. एखादा काळा भाग थांबवून जवळून बघा, काळ्यावर खसखस सांडल्यासारखी सतत हलत असते. प्रत्येक फ्रेमला ती खसखस वेगळी. बिटरेट वाचतो तो ‘मागच्या फ्रेममध्ये जे होतं तेच इथेही आहे’ या हिशोबावर. दाण्यांमुळे तो हिशोबच मोडतो. मागचा पडदा रात्रभर जागचा हलला नसेल, पण एन्कोडरला तो प्रत्येक फ्रेमला नवा दिसतो. बिट संपले की तो गडद भाग सगळ्यात आधी सोडून देतो, आणि तिथेच तुमचा संकासुर उभा आहे.

म्हणून हलकं डीनॉइज, म्हणजे दाणे घालवणारं फिल्टर, लावा. एनएलमीन्स, आणि त्यात ‘लाइट’ किंवा ‘अल्ट्रालाइट’ एवढंच. त्यापुढे गेलात तर रंगवलेले चेहरे मेणाचे होतात आणि वेषाची जरीची बारीक कलाकुसर पुसली जाते. हे फिल्टर फार हळू चालतं. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवायची तयारी आहे म्हणालात, ती इथे कामाला येईल.

---

पाचवामजला :

आईच्या फोनचा आवाज : मला जवळजवळ खात्री आहे. हँडीकॅम आवाज एसी३ म्हणजे डॉल्बी डिजिटलमध्ये साठवतो. हँडब्रेकमध्ये ऑडिओच्या पानावर ‘पासथ्रू’ असं काही निवडलं असेल तर तो आवाज न बदलता जसाच्या तसा पुढे जातो. लॅपटॉपचा प्लेअर तो वाचतो, पण अनेक अँड्रॉइड फोनमध्ये एसी३ वाचायची सोयच नसते. तिथे एएसी निवडा, स्टीरिओ, १६० केबीपीएस. बास.

आवाजात याहून खाली जाऊ नका. तीन तासांत १६० ऐवजी ९६ ठेवून वाचतात ८६ एमबी, आणि जातं काय, तर झांज. झांजेचा नाद फार कमी बिटरेटला पाण्याखालून आल्यासारखा येतो. पखवाज आणि पेटी सहन करतात, झांज करत नाही.

---

माडाखाली :

पाचवामजला, अगदी बरोबर! ‘ऑटो पासथ्रू’च होतं. ‘जसंच्या तसं म्हणजे सगळ्यात चांगलं’ असं समजून मीच निवडलं होतं. एएसी करून पाच मिनिटांचा तुकडा आईला पाठवला, तिकडून पखवाज ऐकू आल्याचा फोन आला.

कातळशिल्प ताई, वडिलांच्या कीर्तनांचं वाचून फार वाईट वाटलं. मूळ फाइल्स दोन हार्डडिस्कवर ठेवल्या आहेत, एक पुण्यात, एक गावी.

आता एक प्रश्न. हँडब्रेक उघडलं की बिटरेटऐवजी आधी आरएफचा सरकपट्टा समोर येतो, २२ वर. त्याला सगळे चांगलं म्हणतात. मग बिटरेटचा हिशोब कशाला करायचा? आणि चित्र १०८०च ठेवू की ७२० करू?

---

कातळशिल्प :

दोन्हींचं काम वेगळं. आरएफमध्ये तुम्ही सांगता ‘दर्जा एवढा ठेव, बिट लागतील तेवढे घे’. बिटरेटमध्ये सांगता ‘बिट एवढेच आहेत, त्यात जमेल तेवढा दर्जा दे’. घरच्या डिस्कवर ठेवायच्या प्रतीला आरएफ उत्तम, कारण तिथे आकाराची अट नाही. ४ जीबीची भिंत असेल तिथे आरएफ उपयोगाचा नाही, तीन तास थांबल्यावर ६ जीबीची फाइल हातात येऊ शकते.

पण चाचणीसाठी आरएफइतकं उपयोगी दुसरं काही नाही. रेंजच्या जागी ‘सेकंद’ निवडून एकेका मिनिटाचे तुकडे करून बघा. एक शांत संवादाचा, एक युद्धाचा. आरएफ २२ वर प्रत्येकाचा आकार किती येतो ते लिहा. रात्रपाळींच्या हिशोबाने तुमचं आख्यानाचं बजेट मिनिटाला २० एमबी आहे. शांत मिनिट त्याच्या बरंच खाली आलं आणि युद्धाचं थोडंच वर गेलं तर अडीच एमबीपीएस पुरेसे आहेत. सगळंच वर गेलं तर चित्राचा आकार कमी करायचा किंवा दाणे आणखी घालवायचे. आरएफ साधारण ६ ने वाढवला की फाइल निम्मी होते, ६ ने उतरवला की दुप्पट, हा अंदाजही जवळ ठेवा.

१०८० की ७२० याला माझं उत्तर निःशंक ७२०. काकांचा दहा इंची टॅबलेट बहुतेक १२८० बाय ८०० ठिपक्यांचा असेल. १२८० बाय ७२० त्यावर ठिपक्याला ठिपका बसतं. तेवढ्याच बिटरेटमध्ये १०८० केलंत तर सव्वादोनपट ठिपक्यांत तेच बिट वाटावे लागतात. १०८० हा आकडा मोठा दिसतो, चित्र मात्र वाईट होतं. रात्रीच्या शूटिंगमध्ये तेवढा बारकावा मुळातच टिपला गेलेला नसतो.

---

रात्रपाळी :

७२० ला माझाही होकार. त्यात भर घालतो.

आकाराची अट असेल तेव्हा ‘अ‍ॅव्हरेज बिटरेट’ निवडून त्याच्याजवळचं मल्टी-पास (जुन्या आवृत्तीत टू-पास) टिक करा. पहिल्या फेरीत तो सगळं नाटक नुसतं बघून घेतो, कुठे शांत आहे, कुठे धामधूम. दुसऱ्या फेरीत वाटणी करतो. शांत संवादातले उरलेले बिट युद्धाला मिळतात. एका फेरीत त्याला पुढे युद्ध आहे हे ठाऊकच नसतं. वेळ जास्त लागतो, पण तुमच्याकडे रात्र आहे.

एन्कोडर एक्स२६४च घ्या, तो एच.२६४ पद्धतीची फाइल बनवतो. लॅपटॉपच्या ग्राफिक चिपचा वेगवान एन्कोडर यादीत दिसेल, पाचपट लवकर होईल, पण एवढ्या कमी बिटरेटला चेहरे तोच बिघडवतो. गती ‘मीडियम’ किंवा ‘स्लो’.

एच.२६५ या नव्या पद्धतीचा मोह टाळा. तेवढ्याच दर्जाला जागा बरीच कमी लागते हे खरं, पण जुना टीव्ही तो वाचेलच याची खात्री नाही. देवळात तीस माणसं बसलेली आणि टीव्ही म्हणतोय फाइल चालत नाही, हा प्रसंग मी पाहिलाय. एच.२६४, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.० हे बहुतेक जुन्या टीव्हीवर आणि फोनवरही चालतं. फ्रेम रेट २५ ठेवा. डीइंटरलेसमध्ये ‘बॉब’ नावाचा पर्याय ५० फ्रेम देतो, तलवारीच्या नाचात फार सुंदर दिसतो, पण तोच बिटरेट मग दुप्पट फ्रेमना पुरवावा लागतो. घरच्या प्रतीला जरूर करा. वाटायच्या प्रतीला नको.

---

पाचवामजला :

चाकरमान्यांसाठी तिसरी, लहान प्रत करा. १०२४ बाय ५७६, चित्राला १.२ एमबीपीएस, आवाज १२८. तीन तासांचं आख्यान १.८ जीबीच्या आत येतं. लोकलमध्ये हातभर अंतरावरच्या सहा इंची पडद्यावर ते छान दिसतं. मी रोज कर्जतहून येतो, पूर्ण नाटकं अशीच बघितली आहेत.

फक्त पाठवताना मेसेजच्या ॲपवरून ‘व्हिडिओ’ म्हणून पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलं की ॲप स्वतः पुन्हा दाबून लहान करतं आणि तुमची रात्रभराची मेहनत जाते. आणि हँडब्रेकमध्ये ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ची खूण करा. फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते, ड्राइव्हवरच्या लिंकवरून बघणाऱ्याला पूर्ण उतरायची वाट बघावी लागत नाही.

---

माडाखाली :

चार दिवसांनी येतेय, आधी आकडे देते.

आरएफ २२, ७२०, डीइंटरलेस लावून. दाणे तसेच ठेवले तेव्हा शांत संवादाचं मिनिट १२ एमबी, युद्धाचं ३९. एनएलमीन्स लाइट लावल्यावर ८ आणि २७. नुसत्या त्या एका फिल्टरने तिसरा हिस्सा कमी झाला! ‘मीडियम’ही करून पाहिलं. आकार आणखी उतरला, पण काकांच्या कपाळावरच्या गंधाची कड विरघळली. परत लाइटवर आले.

मग आख्यान अडीच एमबीपीएस, मल्टी-पास, स्लो. रात्री नऊला लावलं, दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. ३.५९ जीबी, दादांनी सांगितलेला आकडा जसाच्या तसा. आडदशावतार ४ एमबीपीएसवर. संकासुर आता काळ्या पडद्यासमोर काळाच दिसतो, चौकोन नाहीत, आणि वेषाच्या कडा पडद्यापासून वेगळ्या कळतात. एका जागी, तो एकदम वळतो तिथे, क्षणभर मऊ होतं. तेवढं मला चालेल.

पेनड्राइव्ह काल गावी गेला. संध्याकाळी काकांच्या नातवाने फोन लावून नुसता तसाच धरून ठेवला. काका टॅबलेटवर स्वतःचंच स्वगत बघत होते आणि संवादाच्या मधे मधे पुढचा शब्द आधीच म्हणत होते.

एकच राहिलं. देवळातल्या टीव्हीवर दोन्ही फाइल्स चालतात, पण नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात. यात बिटरेटचा काही संबंध आहे का?

---

रात्रपाळी :

काही संबंध नाही ताई. फाइलचं नाव मराठीत लिहिलंय ना? जुन्या टीव्हीत देवनागरी अक्षरंच भरलेली नसतात. नाव रोमन अक्षरांत द्या आणि आधी ०१, ०२ असे आकडे घाला, म्हणजे आडदशावतार वर दिसेल आणि आख्यान खाली. आकडेही इंग्रजीच, तेवढं बघा.

---

माडाखाली :

भावाला फोनवर सांगून नावं बदलून घेतली. दिसतायत. शनिवारी आरती झाल्यावर लावणार आहेत.